मळमळ आधी, औषध नंतर

केमोथेरपीची तिसरी किंवा चौथी फेरी. सकाळी अंघोळ करून, फाईल पिशवीत टाकून रुग्ण घरातून निघतो तेव्हा अगदी ठीक असतो. रिक्षात गप्पाही मारतो. मग रिक्षा हॉस्पिटलच्या रस्त्याला वळते, ओळखीचं फाटक दिसतं आणि पोटात ढवळायला लागतं. लिफ्टचं दार उघडलं की स्पिरिटचा वास येतो आणि तोंडाला पाणी सुटतं. चमचमीत काही समोर आल्यावर सुटतं ते नव्हे, उलटीच्या आधी सुटतं ते. सलाईनची बाटली अजून स्टँडवर चढलेली नसते, औषधाचा थेंबही शिरेत गेलेला नसतो. तरी रुग्ण बेसिनशी वाकून ओकाऱ्या काढत असतो.

सोबत आलेलं माणूस गोंधळतं. ‘अजून काही दिलंच नाही, मग हे कशानं?’ असं विचारतं. मग ‘मनाचे खेळ आहेत, घाबरू नकोस’ अशी समजूत काढतं. खरा त्रास इथून सुरू होतो, कारण रुग्णालाही तेच वाटायला लागतं. इतकी मोठी ऑपरेशनं सोसली आणि आता नुसत्या वासाला भ्यायलो, याची त्याला शरम वाटते. डॉक्टर विचारतात, ‘मागच्या वेळी उलट्या झाल्या का?’ तर तो औषधानंतरच्या तेवढ्या सांगतो, आधीच्या सांगत नाही. काहीजण ‘पुढची फेरी नकोच’ म्हणण्यापर्यंत येतात, आणि त्याचं हे कारणही बोलून दाखवत नाहीत.

या त्रासाला वैद्यकात ‘अँटिसिपेटरी नॉशिया’ असं नाव आहे. मराठीत ‘आगाऊ मळमळ’ म्हणता येईल. आगाऊ या शब्दाचे दोन्ही अर्थ तिला लागू पडतात. उलट्या थांबवणारी प्रभावी औषधं येण्यापूर्वीच्या पाहण्यांत चार-पाच फेऱ्या झालेल्या रुग्णांपैकी साधारण चौघांत एकाला, काही ठिकाणी तिघांत एकाला ती होत असे. नव्या औषधांनी हे प्रमाण बरंच खाली आलं आहे, पण ते शून्य झालेलं नाही. पन्नाशीच्या आतल्या रुग्णांना, आणि ज्यांना एरवीही गाडी लागते अशांना तिचा धोका अधिक असतो.

तिची एक खूण मात्र फार बोलकी आहे. पहिल्या फेरीच्या आधी ती जवळपास कधी होत नाही. भीती तर पहिल्या वेळीच सर्वांत जास्त असते. नुसत्या भीतीनं होत असती तर ती तेव्हाच व्हायला हवी होती. ती होते दोन-तीन फेऱ्यांनंतर, आणि मुख्यतः त्यांना, ज्यांना आधीच्या औषधानंतर जोराच्या उलट्या झालेल्या असतात. फेऱ्या वाढतील तशी ती मुरत जाते. म्हणजे हा मनाचा दुबळेपणा नव्हे. शरीर काहीतरी शिकलेलं असतं, आणि तो धडा अगदी चोख पाठ झालेला असतो.

कुत्र्याची लाळ

हे शिकणं कसं घडतं याचा पहिला पद्धतशीर शोध ज्यांनी घेतला ते इव्हान पावलोव्ह मानसशास्त्रज्ञ नव्हते. ते शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते, आणि मानसशास्त्राबद्दल त्यांना फारसा आदरही नव्हता. त्यांचा विषय होता पचन. सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेत ते कुत्र्यांवर नाजूक शस्त्रक्रिया करून त्यांचे पाचकरस बाहेर गोळा करत आणि मोजत. हा जठररस बाटल्यांत भरून अपचनावरचं औषध म्हणून विकलाही जाई, आणि प्रयोगशाळेच्या खर्चाला त्याचा चांगला हातभार लागे. १९०४ सालचं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. आज जग त्यांना ज्यासाठी ओळखतं, ते काम तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं.

ते सुरू झालं एका अडचणीतून. तोंडात अन्न पडलं की लाळ सुटायची, हे ठीक. पण प्रयोगशाळेत मुरलेल्या कुत्र्यांना अन्नाचं भांडं पाहूनच लाळ सुटे, खाणं आणणाऱ्या माणसाच्या पावलांचा आवाज ऐकूनही सुटे. मोजमाप बिघडायचं. दुसऱ्या कुणी अशा कुत्र्यांना बाजूला काढलं असतं. पावलोव्हनी पचन बाजूला ठेवलं आणि उरलेली तीसेक वर्षं या ‘बिघाडा’चाच अभ्यास केला.

शाळेच्या पुस्तकात त्यांच्या कुत्र्यासमोर हमखास घंटा असते. प्रत्यक्षात मेट्रोनोमची टिकटिक, बझर, दिवा, कातडीला केलेला स्पर्श अशी बरीच साधनं प्रयोगशाळेत वापरली जात. त्यांतल्या कशाचाही लाळेशी मुळात संबंध नाही. पण टिकटिक ऐकवायची आणि लगेच खाणं द्यायचं, असं पुनःपुन्हा केलं की काही काळानं नुसत्या टिकटिकीवर लाळ सुटते. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत याला ‘अभिजात अभिसंधान’ म्हणतात. शब्द जड आहे, अनुभव मात्र घरोघरचा आहे. कैरीच्या फोडीला तिखट-मीठ लावल्याचं वर्णन वाचून ज्याच्या तोंडाला पाणी सुटतं, त्याच्या तोंडात त्या क्षणी कैरी नसते. पावलोव्हनी वापरलेल्या रशियन शब्दाचा अर्थ खरं तर ‘सशर्त’ असा होतो: लाळ सुटेल, पण अमुक खूण आधी अन्नासोबत आलेली असेल या अटीवर.

आता कुत्र्याच्या जागी रुग्ण, अन्नाच्या जागी केमोचं औषध आणि लाळेच्या जागी मळमळ ठेवून पाहावी. औषधानं मळमळ होते, ती शिकावी लागत नाही. लहान आतड्यातल्या काही पेशी औषधाच्या माऱ्यामुळे सेरोटोनिन सोडतात, तो संदेश व्हेगस या मज्जातंतूमार्गे मेंदूच्या बुडाशी असलेल्या उलटीच्या यंत्रणेपर्यंत पोचतो. पण त्याच वेळी, त्याच खोलीत, स्पिरिटचा वास असतो, सिस्टरांचा गणवेश असतो, हिरवा पडदा असतो, खुर्चीचं थंड रेक्झिन असतं. फेरी झाली की पुन्हा तेच सगळं, त्याच क्रमानं. तीन-चार फेऱ्यांत मेंदूला पक्कं कळतं की हे आलं म्हणजे मागोमाग ते येणार. मग तो वाट पाहत नाही.

दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, ही म्हण इथे शब्दशः खरी होते. शिकलेली प्रतिक्रिया मूळ खुणेपुरती राहत नाही, तिच्यासारख्या दिसणाऱ्या गोष्टींनाही चिकटते. स्तनाच्या कर्करोगात दिलं जाणारं डॉक्सोरुबिसिन हे औषध लालभडक असतं. ते घेतलेल्या काही रुग्णांना पुढे लाल सरबताचा पेला पाहूनही ढवळतं. रात्रभर रेल्वेनं प्रवास करून मुंबईत उपचारांना येणाऱ्यांच्या बाबतीत हा धागा फलाटापर्यंतही मागे जाऊ शकतो. घाटात एसटी लागलेल्या मुलाला पुढच्या सुट्टीत स्टँडवरच्या डिझेलच्या वासानं कसंसं होतं, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की हे मूल पुढच्या खेपेला गावी जायचं टाळू शकतं. केमोच्या रुग्णाला ती सोय नसते.

उंदरांनी मोडलेला नियम

पावलोव्हच्या कामातून दोन समजुती पक्क्या झाल्या होत्या. एक, खूण आणि परिणाम यांत अंतर अगदी थोडं, काही सेकंदांचं हवं. दोन, कुठलीही खूण कुठल्याही परिणामाशी सारखीच जोडता येते. या दोन्ही चुकीच्या ठरवल्या जॉन गार्सिया यांनी. स्पॅनिश स्थलांतरितांचा हा मुलगा कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या घरात वाढला, पुढे मेकॅनिकचं कामही त्यानं केलं, त्यांना पीएच.डी. मिळाली ती पंचेचाळिशी उलटल्यावर.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला गार्सिया सॅन फ्रान्सिस्कोमधल्या अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत किरणोत्साराचे उंदरांवरचे परिणाम तपासत होते. काम चालू असताना एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. उंदीर आपल्या पिंजऱ्यात नेहमीसारखं पाणी पीत, किरणोत्साराच्या कक्षात मात्र पाण्याला तोंड लावत नसत. पिंजऱ्यातल्या बाटल्या काचेच्या होत्या, कक्षातल्या प्लॅस्टिकच्या. प्लॅस्टिकची किंचितशी चव पाण्याला लागत होती, आणि त्या चवीनंतर उंदरांना दर वेळी किरणांमुळे बरं वाटेनासं होत होतं. उंदरांनी दोष किरणांना दिला नाही, चवीला दिला. मग गार्सियांनी साध्या पाण्याऐवजी सॅकरिनचं गोड पाणी देऊन हेच तपासलं. एरवी उंदरांना ते फार आवडतं. एकाच खेपेनंतर त्यांनी ते सोडलं. १९५५ साली हा निष्कर्ष ‘सायन्स’मध्ये छापून आला.

१९६६ सालचा प्रयोग त्याहून देखणा. उंदीर पाणी चाटू लागला की दिवा लागे आणि खटका वाजे, शिवाय पाणीही गोड. म्हणजे चव, उजेड आणि आवाज या तिन्ही खुणा एकदम. मग काही उंदरांना आजारी पाडलं, काहींच्या पायाला विजेचा सौम्य झटका दिला. आजारी पडलेल्यांनी नंतर गोड पाणी टाळलं, दिवा आणि आवाज असलेलं साधं पाणी मात्र निवांत प्यायले. झटका बसलेल्यांनी बरोबर उलट केलं. पोटाचं दुखणं चवीशी जोडायचं आणि कातडीचं दुखणं बाहेरच्या उजेड-आवाजाशी, अशी वर्गवारी मेंदूनं जणू आधीच करून ठेवलेली होती. शिवाय चव आणि आजार यांच्यात तासाभराचं अंतर पडलं तरी धडा पक्का होत होता.

हे तेव्हाच्या विद्वानांना पचलं नाही. गार्सियांचे पुढचे लेख नामवंत नियतकालिकांनी परत पाठवले. असलं काही खरं असण्याची शक्यता कुकू घड्याळात पक्ष्याची शीट सापडण्याइतकीच आहे, असा शेरा एकानं मारला. खरं तर शेतकऱ्याला हे केव्हाच ठाऊक होतं. उंदीर विषारी आमिषाचा जरासा घास खाऊन वाचला, तर पुन्हा त्या आमिषाला शिवत नाही. म्हणून झिंक फॉस्फाईड वापरताना आधी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष ठेवून उंदरांना सरावू देतात आणि मग विष कालवतात. उंदराला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं बाहेर टाकायची सोय नाही म्हटल्यावर एका चुकीवरून कायमचं शिकणं त्याला भागच आहे.

माणसाला उलटी करता येते, तरी ही शिकवण त्याच्यातही तशीच आहे. गार्सियांनी स्वतः दहा वर्षांचे असताना पहिल्यांदा ज्येष्ठमधाची गोळी चघळली आणि काही तासांनी ते फ्लूनं आजारी पडले. फ्लू गोळीमुळे झालेला नाही हे ठाऊक असूनही ती चव त्यांना पुढे सोसवेना. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांचाही असाच किस्सा प्रसिद्ध आहे. एका संध्याकाळी त्यांनी बेअर्नेज नावाचं सॉस घातलेलं मांस खाल्लं, रात्री उलट्यांनी बेजार झाले, आणि त्या सॉसची त्यांना कायमची शिसारी बसली. नंतर कळलं की दोष सॉसचा नव्हता. सोबत काम करणाऱ्यालाही तोच पोटाचा संसर्ग झाला होता, आणि तेच जेवलेल्या पत्नीला काहीच झालं नव्हतं. तरी शिसारी गेली नाही. विशेष म्हणजे त्यांना शिसारी बसली ती सॉसचीच. ज्या बशीत जेवले तिची नाही, त्या संध्याकाळी ऐकलेल्या संगीताची नाही, आणि समोर बसलेल्या पत्नीचीही नाही.

‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांनी हा किस्सा लक्षात ठेवावा. सेलिगमन यांना सॉस निर्दोष असल्याचं पुराव्यानिशी माहीत होतं. माहिती असून उपयोग झाला नाही, कारण हा धडा मेंदूचा जो भाग गिरवतो, तो पुरावे वाचत नाही.

डब्यात काय असावं

सिएटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आयलीन बर्नस्टाईन यांना एक साधा प्रश्न पडला. केमोथेरपी घेणाऱ्या मुलांचं अन्नावरचं मन उडतं, ते आजारामुळे आणि औषधामुळे उडतं हे खरं. पण त्यात गार्सियांच्या उंदरांसारखं शिकणंही असेल का? त्यांनी दोन ते सोळा वर्षांच्या मुलांना उपचाराच्या थोडं आधी एका अनोळखी चवीचं आइस्क्रीम दिलं. त्यात मेपलचा पाक आणि काळ्या अक्रोडाचा स्वाद होता. काही मुलांना त्यानंतर पोट ढवळणारं औषध मिळालं. काहींना आइस्क्रीम मिळालं पण असं औषध नव्हतं, आणि काहींना औषध मिळालं पण आइस्क्रीम नाही. काही आठवड्यांनी मुलांना विचारलं: ते आइस्क्रीम हवं, की खेळायला जायचं? आइस्क्रीम आणि मळमळ यांची जोडी बसलेल्या गटात २१ टक्के मुलांनी आइस्क्रीम मागितलं, इतर दोन गटांत ६७ आणि ७३ टक्क्यांनी. एकच खेप पुरली होती. वय लहान असो की मोठं, औषधानं त्रास होतो हे समजण्याइतकं मूल जाणतं असो वा नसो, फरक पडला नाही. १९७८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

आपल्या घरांच्या दृष्टीनं यात एक चटका लावणारी गोष्ट आहे. ज्या दिवशी केमो असते, त्या दिवशी घरचं माणूस पहाटे उठून रुग्णाच्या आवडीचं करतं. कुणी शिरा करतं, कुणी साबुदाण्याची खिचडी, कुणी आजोळची म्हणून मुद्दाम अळूची भाजी. ‘आज दगदग आहे, निदान आवडीचं चार घास जातील.’ माया खरी, पण वेळ चुकीची. चार तासांनी उलट्या सुरू झाल्या तर मेंदू त्या दिवशीच्या चवींतून आरोपी शोधतो, आणि सापडतो तो डब्यातला आवडता पदार्थ. पुढे सहा महिने ज्याच्या आधारानं वजन टिकवायचं, नेमकी त्यावरचीच वासना उडते. करणारीला वाटतं, आपल्या हातचं आवडेनासं झालं.

यात थोडा दिलासा असा की बालपणापासून शेकडो वेळा खाल्लेल्या आणि कधी न बाधलेल्या पदार्थाला मेंदू सहजासहजी दोषी धरत नाही. वरण-भाताला असं जुन्या ओळखीचं कवच असतं. ते अभेद्य नाही, पण नव्या चवीला तेवढंही नसतं. त्यामुळे कुणीतरी सुचवलेली प्रोटीन पावडर पहिल्यांदा केमोच्या दिवशीच सुरू करणं, ही त्या पावडरीचा डबा कायमचा कपाटात पाठवण्याची हमखास युक्ती ठरू शकते. ती मधल्या चांगल्या दिवसांत सुरू करावी. केमोच्या दिवशी साधं, थोडं, फारसं जीव न जडलेलं खाणं बरं. उपाशी मात्र राहू नये, आणि पथ्य डॉक्टर व आहारतज्ज्ञ सांगतील तेच पाळावं.

बर्नस्टाईन यांनी या शोधाचा पुढे फार हुशारीनं उपयोग केला. मेंदूला आरोपी हवाच असेल, तर तो आपणच पुरवावा. १९८७ साली सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी मुलांना जेवण आणि केमोच्या मधल्या वेळात ठसठशीत, वेगळ्या चवीची गोळी चघळायला दिली. खोबऱ्याच्या किंवा रूट बिअर या अमेरिकी पेयाच्या स्वादाची. उलट्यांचं खापर गोळीवर फुटलं आणि जेवणातले पदार्थ बचावले. गोळी मिळालेली मुलं ते जेवण पुढेही खाण्याची शक्यता, न मिळालेल्यांच्या दुप्पट होती. या गोळीला त्यांनी ‘बळीचा बकरा’ म्हटलं. तिला खर्च जवळपास नाहीच. आपल्याकडे ती खोबऱ्याचीच असायला हवी असंही नाही, पण रुग्णाला पुढे जिच्यावाचून अडणार नाही अशी चव हवी. आवडती आवळासुपारी या कामी खर्ची घालू नये. अर्थात गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारावं, विशेषतः तोंड आलेलं असेल किंवा मधुमेह असेल तर.

पहिली उलटी

सगळ्यात मोठा उपाय मात्र याच्याही आधीचा आहे. जोडीतली एक बाजूच काढून घेतली, तर जोडी बसत नाही. ऑनडॅनसेट्रॉनसारखी औषधं १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आली आणि त्यांनी आतड्यातून निघणाऱ्या सेरोटोनिनच्या संदेशाची वाट अडवली. पुढे आणखी प्रभावी औषधं आली. पहिल्या फेरीपासून उलट्या आटोक्यात राहिल्या, तर मेंदूला शिकायला काही उरतच नाही. म्हणून डॉक्टरांनी घरी घ्यायला दिलेल्या गोळ्या ‘आज तर बरं वाटतंय’ म्हणून वाचवून ठेवू नयेत. त्या उलटी थांबवण्यापुरत्या नसतात, उलटी होऊच नये म्हणून असतात.

पण एकदा आगाऊ मळमळ मुरली, की याच गोळ्या तिच्यावर फिक्या पडतात. कारण उघड आहे: फाटक पाहून होणाऱ्या मळमळीत आतड्यातल्या सेरोटोनिनचा हात नसतो, ती मेंदूतून खाली येते. तिथे चिंता कमी करणारं औषध काही वेळा दिलं जातं, आणि दुसरा उपाय आहे तो ससा.

१९२० साली अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी अकरा महिन्यांच्या एका बाळाला पांढरा उंदीर दाखवून मागे लोखंडी कांबीवर हातोडा मारला, आणि त्याला उंदराची भीती शिकवली. मग ते बाळ सशालाही घाबरू लागलं. ही भीती घालवण्याआधीच त्याची आई त्याला घेऊन गेली. आजच्या कुठल्याही नीती समितीपुढे हा प्रयोग उभा राहिला नसता, आणि तेव्हाही तो व्हायला नको होता. त्याची भरपाई म्हणावी असं काम चार वर्षांनी मेरी कव्हर जोन्स यांनी केलं. ‘पीटर’ या नावानं नोंदलेला जेमतेम तीन वर्षांचा एक मुलगा सशाला भीत असे. तो आवडीचं खात असताना त्या पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवत, आणि दिवसागणिक थोडा थोडा जवळ आणत. शेवटी पीटर एका हातानं सशाला कुरवाळू लागला. हीच कल्पना जोसेफ वोल्पी यांनी १९५८ साली मोठ्यांच्या उपचारासाठी नीट बांधून दिली.

केमोच्या रुग्णाबाबत सशाच्या जागी हॉस्पिटल येतं. आधी रुग्णाला अंग सैल सोडायला, स्नायू एकेक करून शिथिल करायला शिकवतात. मग त्याच स्थितीत त्याला कल्पना करायला सांगतात: आज केमोचा दिवस, घरातून निघालो. शांत राहता आलं की पुढची पायरी: फाटक, लिफ्ट, खुर्ची, सुई. मळमळ जाणवली की एक पायरी मागे. गॅरी मॉरो आणि सहकाऱ्यानं ६० रुग्णांवर हे करून पाहिलं. काहींना हे शिक्षण मिळालं, काहींना नुसतं समुपदेशन, काहींना यातलं काहीच नाही. आगाऊ मळमळ कमी झाली ती शिथिलीकरण शिकलेल्यांची. नुसत्या धीराच्या बोलण्यानं फारसा फरक पडला नाही. हे १९८२ साली प्रसिद्ध झालं. आज आपल्याकडच्या मोठ्या कर्करोग रुग्णालयांत मानसोपचार विभाग किंवा समुपदेशक असतात, आणि हे त्यांच्या कामातलंच आहे. पण त्यांच्यापर्यंत पोचायला रुग्णानं आधी ‘मला फाटकापाशीच ढवळतं’ हे सांगायला हवं.

शिकलेलं पुसलं जातं का? पावलोव्हचं उत्तर होतं, नाही. टिकटिक वाजवत राहिलं आणि खाणं दिलंच नाही, तर लाळ हळूहळू बंद होते. पण काही दिवस मध्ये जाऊ दिले की पहिल्या टिकटिकीला ती पुन्हा डोकावते. जुना धडा खोडला जात नाही, त्याच्यावर नवा लिहिला जातो. १९२४च्या सप्टेंबरात नेवा नदीला मोठा पूर आला आणि पावलोव्हच्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरलं. कुत्री छताशी नाक टेकवून पोहत राहिली, माणसांनी त्यांना कसंबसं बाहेर काढलं. नंतर काही कुत्री महिन्यामहिन्यांचं शिकलेलं विसरून गेलेली दिसली. काळजीनं पुन्हा शिकवून ती सावरली. मग एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून पाण्याचा बारीकसा ओघळ सोडला, आणि ते पुन्हा पार कोलमडलं.

म्हणून उपचार संपून पाच-सात वर्षं झालेल्या माणसाला कुणाला तरी भेटायला हॉस्पिटलात गेल्यावर अचानक ढवळून आलं, तर त्यानं घाबरायचं कारण नाही. तो आजार परतल्याचा संकेत नव्हे. ओघळ दाराखालून आलेला असतो, एवढंच.

या शिकण्याची दुसरी बाजू अपघातानंच उघड झाली. १९७०च्या दशकात रॉचेस्टर विद्यापीठात रॉबर्ट एडर उंदरांना सॅकरिनचं पाणी आणि सोबत मळमळ आणणारं सायक्लोफॉस्फामाईड देत होते. हेही आजच्या केमोथेरपीतलं नेहमीचं औषध. मग औषध बंद करून नुसतं सॅकरिन देताना काही उंदीर मरू लागले. ज्यांनी जास्त सॅकरिन प्यायलं होतं ते जास्त. सायक्लोफॉस्फामाईड रोगप्रतिकारशक्तीही दडपतं. एडर यांना शंका आली की उंदरांच्या शरीरानं मळमळीबरोबर तेही शिकून घेतलं असावं. निकोलस कोहेन यांच्यासोबत त्यांनी ते तपासलं, आणि १९७५ साली दाखवून दिलं की औषधाशिवाय, नुसत्या गोड पाण्यानं, उंदरांची प्रतिकारशक्ती मंदावते. पुढे १९९० साली अंडाशयाच्या कर्करोगाच्या २० रुग्णांमध्येही असंच दिसलं. घरी घेतलेल्या रक्तापेक्षा, केमोआधी हॉस्पिटलात घेतलेल्या रक्तात प्रतिकारपेशींचा प्रतिसाद मंद होता.

मग एडर आणि बालरोगतज्ज्ञ कॅरन ओलनेस यांनी उलटा विचार केला. ल्युपस या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते आणि तिला दडपावंच लागतं. ल्युपस बळावलेल्या एका किशोरवयीन मुलीला सायक्लोफॉस्फामाईड द्यायचं होतं, पण त्याच्या दुष्परिणामांची तिच्या घरच्यांना धास्ती होती. पहिले तीन महिने दर महिन्याला औषधाबरोबर तिला कॉडलिव्हर तेलाचा घोट आणि गुलाबाच्या अत्तराचा वास दिला. नंतर औषध दर तिसऱ्या महिन्यालाच. मधल्या महिन्यांत नुसतं तेल आणि गुलाब. वर्षभरात तिची प्रकृती सुधारली. एका रुग्णावरून नियम ठरत नाही आणि तेवढ्यावर कुणी आपलं औषध कमी करू नये, पण त्या मुलीला त्या वर्षी बाराऐवजी सहाच डोस लागले. गुलाबाचा वास मात्र तिला बाराही महिने दिला होता.